तीन तोळ्यांचा रोगी

‘कंपाउंडर’ हा शब्द आपल्याकडे अजून पुरता विसरला गेलेला नाही. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी, कणकवली यांपैकी कोणत्याही गावचा जुना दवाखाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टरांच्या खोलीशेजारची ती लहानशी खिडकी सहज उभी राहील. खिडकीच्या आत काचेच्या बरण्या, एक खल, एक नरसाळे आणि एक मोजपात्र. बाहेर घरून धुऊन आणलेली बाटली हातात धरून उभा असलेला रोग्याचा माणूस. कंपाउंडर चिठ्ठी वाचीत, दोन-तीन बरण्यांतले औषध मोजून बाटलीत घालीत, पाण्याने ती भरीत, आणि शेवटी कागदाची दातेरी पट्टी कातरून बाटलीवर चिकटवीत. एक दाता म्हणजे एक डोस. त्या पट्टीत आपल्याला तेव्हा काही विशेष वाटत नसे. वस्तुतः एका विशिष्ट रोग्यासाठी, त्याच्या वयाला आणि वजनाला धरून, चिठ्ठीबरहुकूम औषध सिद्ध करण्याची एक संपूर्ण विद्या त्या पट्टीमागे उभी होती. अनेक द्रव्ये एकत्र मिळविणे म्हणजे कंपाउंड करणे, आणि ते करणारा तो कंपाउंडर.

पुढे कारखान्यात बनलेल्या गोळ्या आल्या, बंद बाटल्या आल्या, आणि ती खिडकी मिटली. माणसांच्या दृष्टीने हे बहुतांशी बरेच झाले. कारखान्यातील गोळी तपासलेली असते, तिच्यात किती औषध आहे याची खात्री असते, आणि ती वर्षभर टिकते. पण कारखाना गोळी काढतो ती पन्नास-साठ किलोच्या माणसासाठी, फार तर लहान मुलासाठी किंवा कुत्र्यासाठी. ज्याच्या मापाचे औषध सहसा कोणी काढीत नाही असाही एक रोगी आपल्या घरांत येऊन राहिला आहे. त्याच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून आपण जो हिरवा-निळा पक्षी जोडीने विकत आणतो, तो बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतो. त्याचे वजन भरते सुमारे ३५ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला, तर हा रोगी बरोबर तीन तोळ्यांचा झाला. त्याच्याच बरोबरीने कॉकटील, पांढरा ससा, गिनी पिग, हॅमस्टर, लाल कानाचे परदेशी कासव आणि काचेच्या टाकीतले मासे आपल्या पडवीत आणि ओसरीवर दिसू लागले आहेत. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे, किंवा आपल्या नदी-तळ्यांतले कासव घरी पाळणे, याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. आमचे विवेचन आहे ते कायद्याने पाळता येणाऱ्या परदेशी लहान प्राण्यांपुरते.

हे प्राणी आजारी पडतात तेव्हा घरात काय घडते? मूल रडू लागते. वडीलमाणसे म्हणतात, ‘आपल्यालाच दिलेली गोळी आहे ना शिल्लक? तिचा पाव तुकडा पाण्यात घालून दे.’ हेतू चांगला असतो, आणि पुष्कळदा त्या चांगल्या हेतूनेच प्राणी दगावतो. म्हणून या पाव गोळीचा हिशेब एकदा नीट मांडून पाहू.

पाव गोळीचा हिशेब

समजा, एका औषधाची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिग्रॅम अशी ठरलेली आहे. हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतला आहे. आपल्या तीन तोळ्यांच्या रोग्याचे वजन ०.०३५ किलो, म्हणजे त्याची मात्रा झाली ०.७ मिलिग्रॅम. आता घरातली गोळी आहे ५०० मिलिग्रॅमची. तिचे सातशेहून अधिक सारखे भाग केले तर त्यातला एक भाग या पक्ष्याला पुरेल. पाव गोळी म्हणजे १२५ मिलिग्रॅम. ती सगळी त्याच्या पोटात गेली, तर मात्रेच्या पावणेदोनशे पटींहून अधिक औषध त्याला मिळाले. माणसाला एका गोळीऐवजी पावणेदोनशे गोळ्या दिल्या तर काय होईल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

‘मग चिमूटभर द्यावे’ असे कोणी म्हणेल. पण चिमूट हे मापच नाही. सोनाराची गुंज सुमारे १२० मिलिग्रॅमची. आपल्याला हवा आहे तिचा एकशे सत्तरावा हिस्सा. तो डोळ्यांना धड दिसणार नाही, मग सुरीने तोडण्याची गोष्ट दूरच.

आपल्या घरांतून ही अडचण पूर्वीही होती, आणि आपल्या आज्यांनी ती मोठ्या शहाणपणाने सोडविली होती. तान्ह्या मुलाला गुटी द्यायची तर मुरुडशेंग, हळकुंड, वेखंड यांचा तुकडा कापून कोणी मुलाच्या तोंडात घालीत नसे. सहाणेवर दुधाचे किंवा पाण्याचे थेंब टाकून एकेक द्रव्य उगाळावयाचे, आणि किती उगाळले ते वेढ्यांनी मोजावयाचे. याचा एक वेढा, त्याचे दोन वेढे. मूल महिन्यामहिन्याने मोठे होईल तसा वेढा वाढवावयाचा. घन पदार्थाचा तुकडा मोजता येत नाही, म्हणून तो द्रवात उतरवून मोजावा, हे तत्त्व त्या सहाणेत होते. सहाणेत उणीव होती ती एवढीच की, वेढ्यागणिक किती द्रव्य उतरले हे आकड्यांत सांगता येत नसे. त्या वेढ्याला आकडा देणे, हेच औषधनिर्मात्याचे काम होय.

वजन लहान, आच मोठी

वजनाचा हिशेब जमला म्हणजे सगळे जमले, असेही नाही. लहान शरीर हे मोठ्या शरीराची नुसती छोटी प्रतिकृती नसते. लहान भांडे चुलीवरून उतरवले की लवकर निवते आणि मोठा हंडा तासभर गरम राहतो, हे आपण रोज पाहतो. लहान प्राण्याच्या अंगातली उष्णताही तशीच झपाट्याने बाहेर जाते. त्याचा प्राणव्यापार वेगाने चालतो, आणि वजनाच्या मानाने त्याला खाणेही पुष्कळ लागते. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिले की, प्राण्याचे वजन ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात त्याच्या शरीराची आच वाढत नाही. ती मागे राहते. याचा परिणाम असा की, पुष्कळ औषधे लहान प्राण्याच्या शरीरातून लवकर निघून जातात. वेदना कमी करणारे मेलॉक्सिकॅम हे औषध पशुवैद्य सशाला देतात तेव्हा किलोमागे कुत्र्याच्या कितीतरी पट मात्रा धरतात, ती याच कारणाने. म्हणजे माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मात्रेला वजनाने भागून आलेला आकडा कधी फार जास्त ठरतो, तर कधी इतका कमी की औषध दिले न दिले सारखेच.

हाच हिशेब उलट दिशेने चुकल्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६२ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथील प्राणिसंग्रहालयातील टस्को नावाच्या हत्तीवर एलएसडी या द्रव्याचा प्रयोग झाला. लहान प्राण्यांना किलोमागे जेवढे द्रव्य सोसते त्या मानाने हत्तीच्या वजनाचा गुणाकार करून २९७ मिलिग्रॅम ही मात्रा ठरविण्यात आली. हत्ती काही मिनिटांतच कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्याला सावरण्यासाठी नंतर दिलेल्या औषधांचा त्यात वाटा किती, यावर पुढे वाद झाला. पण नुसत्या वजनाच्या त्रैराशिकावर भरवसा ठेवू नये, हा धडा मात्र औषधशास्त्राच्या वर्गांतून अजून शिकवला जातो.

कासवाची गोष्ट आणखी निराळी. त्याला स्वतःच्या अंगाची ऊब नाही. बाहेर जेवढी ऊब तेवढीच आत. त्याच्या शरीरातून औषध फार सावकाश निघते. म्हणून माणसाला दिवसातून दोन-तीनदा द्यावयाची काही जंतुनाशके सरपटणाऱ्या प्राण्यांना दोन-तीन दिवसांतून एकदाच देतात, आणि त्या काळात त्यांना ठराविक उबेत ठेवावे लागते.

एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

पोपट मिरची चवीने खातो याचे आपल्याला कौतुक वाटते. त्यात पोपटाचे शौर्य मुळीच नाही. मिरचीतले जे द्रव्य आपल्या जिभेवरच्या मज्जातंतूंना पेटवते, त्याची ओळखच पक्ष्यांच्या मज्जातंतूंना पटत नाही. त्याला ती तिखट लागतच नाही. एकच पदार्थ दोन शरीरांत दोन प्रकारे वागतो, याचे याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. औषधांच्या बाबतीत हा फरक प्राणांवर बेततो.

२५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना घातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध न मिळालेले चारही उंदीर मेलेले होते, आणि ज्यांना औषध मिळाले होते ते जिवंत होते. या प्रयोगापासून एका युगाचा आरंभ झाला. पण तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, असे प्रसिद्ध झाले की गिनी पिगला पेनिसिलिन मानवत नाही. ते त्याने मरतात. पहिल्या प्रयोगासाठी उंदरांऐवजी गिनी पिग हाताशी असते, तर कदाचित हे औषध विषारी म्हणून बाजूला पडले असते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ससा आणि गिनी पिग गवत पचवतात ते आतड्यांत राहणाऱ्या उपकारक जंतूंच्या बळावर. पेनिसिलिन, अॅमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन यांसारखी औषधे तोंडाने दिली की ते उपकारक जंतू मरतात, मोकळ्या झालेल्या जागेवर दुसरे जंतू माजतात, आणि त्यांच्या विषाने प्राणी हगवण लागून दोन-चार दिवसांत मरतो. लहान मुलांच्या खोकल्या-तापासाठी अॅमॉक्सिसिलिनची बाटली आपल्याकडे घरोघर असते. मुलाला जी तारते, तीच त्याच्या सशाला मारते.

असे आणखी किती सांगावेत? जनावरांच्या गोचिडांवर आणि जंतांवर आपले पशुवैद्य आयव्हरमेक्टिन सर्रास वापरतात. ते कासवाला दिले तर घातक ठरते. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडतात ते फिप्रोनिल सशाला चालत नाही. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. याच्या उलट, बेलाडोना या विषारी झाडाचा पाला पुष्कळ सशांना पचतो, कारण त्यातले अॅट्रोपिन मोडून टाकणारे द्रव्य त्यांच्या रक्तातच असते. आणि म्हणूनच अशा सशाला औषध म्हणून दिलेले अॅट्रोपिन पुष्कळदा लागू पडत नाही. गिनी पिगला आपल्यासारखेच क जीवनसत्त्व बाहेरून मिळावे लागते. १९०७ मध्ये हॉल्स्ट आणि फ्रोलिख या नॉर्वेतील दोघा शास्त्रज्ञांनी हे त्याच्यावरच प्रथम दाखवले. ते जीवनसत्त्व त्याच्या पिण्याच्या पाण्यात घालून ठेवले तर काही तासांतच निकामी होऊ लागते, म्हणून ते रोज वेगळे मोजून द्यावे लागते.

आपल्या देशाने तर या अज्ञानाची फार मोठी किंमत मोजली आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बनविण्यास बंदी केली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली होती. गुराला आराम देणारी मात्रा पक्ष्याला विष होती, आणि ते विचारावयाचे कोणाला सुचले नव्हते.

औषध कसे सिद्ध होते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पशुवैद्याने रोग ओळखला, औषध निवडले, मात्रा ठरविली, ०.७ मिलिग्रॅम. ती द्यावयाची कशी?

पहिला विचार करावयाचा तो आकारमानाचा. या पक्ष्याच्या चोचीत एका वेळी फार तर एखाद-दुसरा थेंब सुखरूप मावतो. जास्त ओतले तर श्वासनलिकेत जाते. तेव्हा सोयीचे माप धरू ०.०५ मिलिलिटर. एवढ्यात ०.७ मिलिग्रॅम औषध हवे, तर एका मिलिलिटरात १४ मिलिग्रॅम पाहिजे. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीपासून असे पातळ औषध करावयाचे, तर ते सगळे मिळून सुमारे ३६ मिलिलिटर भरले पाहिजे. हिशेब एवढाच आहे. पण तो कागदावरून बाटलीत उतरविताना कसब लागते.

गोळी खलात घोटून मैद्यासारखी वस्त्रगाळ करावी लागते. मुळात ती गोळी फोडण्याजोगी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. काही गोळ्यांना पोटातील आम्लापासून जपणारे वेष्टन असते, काहींची रचना औषध दिवसभर हळूहळू सुटावे अशी असते. त्या फोडल्या की त्यांचा सगळा हिशेबच फिरतो. नंतर भुकटीवर ग्लिसरीनसारख्या द्रवाचे थोडे थेंब घालून गुठळी न होऊ देता ती वाटतात, आणि मग थोडे थोडे करून वाहक द्रव मिळवीत जातात. आपल्या वैद्यकात ज्याला अनुपान म्हणतात, त्याचा हा सख्खा भाऊ. पण नुसत्या पाण्यात भुकटी तळाशी बसते. सोलकढी थोडा वेळ तशीच ठेवली की वरचे वर आणि खालचे खाली होते, तसे औषधाचे झाले तर पहिल्या दिवशी रोग्याला नुसते पाणी मिळते आणि शेवटच्या दिवशी सगळे औषध एकदम. म्हणून वाहकात डिंक किंवा मिथाइल सेल्युलोज यांसारखे घट्टपणा आणणारे द्रव्य घालतात. आणि तरीही ‘हलवून घ्यावे’ ही सूचना बाटलीवर लिहितात.

भुकटीत भुकटी मिसळण्याचीही एक रीत आहे. लोणच्याच्या पाच शेर मसाल्यात चमचाभर हिंग एकदम टाकले, तर कोठे हिंगच हिंग आणि कोठे त्याचा वासही नाही, असे होते. जाणती गृहिणी ते आधी मूठभर मसाल्यात कालवते, मग त्यात आणखी दोन मुठी, मग आणखी चार. औषधनिर्माताही असेच करतो; औषधाइतकीच दुसरी भुकटी प्रथम घेतो, एकजीव करतो, आणि मग दर वेळी दुप्पट करीत जातो. ज्याचे वजन तराजूवर नीट उतरत नाही ते मोजण्याची युक्तीही अशीच आहे. दहा मिलिग्रॅम हवे आणि तराजू शंभरांखाली भरवशाचा नाही, तर शंभर मिलिग्रॅम औषध नऊशे मिलिग्रॅम दुग्धशर्करेत मिसळावे आणि त्या मिश्रणातले शंभर घ्यावे. त्यात औषध बरोबर दहा असते.

वाहकाची निवडही रोगी पाहून करावी लागते. साखरेचा पाक मुलाला गोड लागतो. सशाच्या आतड्यांना जास्त साखर मानवत नाही. साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर धोक्याइतकी उतरवते. मद्यार्क असलेला वाहक लहान पक्ष्याला देऊ नये. चवही पाहावी लागते. प्राण्याला ‘डोळे मिटून गिळ’ असे सांगता येत नाही. कडू औषध तो मान झटकून टाकून देतो, आणि आपण मात्र दिले असे समजतो.

पिण्याच्या पाण्यात औषध मिसळून ठेवण्याचा मार्ग सोपा वाटतो. कोंबड्यांच्या खुराड्यासाठी ती रीत आहे, आणि कृषी सेवा केंद्रातली तीच पूड पुष्कळ लोक पिंजऱ्यातल्या वाटीत टाकतात. पण बजरीगर हा मूळ कोरड्या मुलखातला. तो पाणी थोडेच पितो, आणि आजारी पडला की आणखी कमी. किती औषध पोटात गेले हे कोणालाच सांगता येत नाही. माशांना मात्र पाण्यातूनच औषध द्यावे लागते. तेथे रोग्याचे वजन बाजूला राहते आणि टाकी मोजावी लागते. साठ, तीस आणि तीस सेंटिमीटरची टाकी काठोकाठ भरली तर ५४ लिटर. वाळू आणि दगड वजा केले की पाणी त्याहून बरेच कमी. पाण्याचा मऊ-कठीणपणाही पाहावा लागतो, कारण मऊ पाण्यात तांब्याची औषधे माशांना अधिक बाधतात.

कोकणची हवा आणि बाटलीचे आयुष्य

ज्या औषधात पाणी पडले त्याचे आयुष्य मोजके झाले. मुलांच्या सुक्या औषधाच्या बाटलीत उकळून निवविलेले पाणी घातले की ते सहसा सात दिवसांत संपवावयाचे, हे प्रत्येक आईला ठाऊक आहे. हाताने सिद्ध केलेल्या औषधाचेही तसेच. अमेरिकेच्या औषधसंहितेत, परिरक्षक नसलेल्या पाणीदार औषधाला शीतकपाटात ठेवूनही चौदा दिवसांची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पापडालाही बुरशी येते, मीठ पाझरते. तेथे साखरेच्या पाकातल्या औषधाची काय कथा! जिलेटिनच्या टोपणगोळ्या मऊ पडतात, पुड्या चिकटतात. तेव्हा पावसाळ्यात थोडेच करावे, ताजे करावे. पाणी विहिरीचे घेऊ नये. शुद्ध केलेलेच घ्यावे. तेलातले औषध पाण्यातल्यापेक्षा पुष्कळदा जास्त टिकते, पण आपले खोबरेल येथे उपयोगी नाही. शीतकपाटात ते थिजते, आणि थिजलेल्या तेलातून मात्रा मोजता येत नाही.

हे काम कोणी करावे, याविषयी कायदा स्पष्ट आहे. औषधाच्या दुकानात औषध सिद्ध करावयाचे, तर ते नोंदणीकृत औषधनिर्मात्याने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झाले पाहिजे, असे १९४५ च्या नियमांत सांगितले आहे. आणि रोग्याची चिठ्ठी नोंदणीकृत पशुवैद्याची हवी. ही बंधने काच म्हणून घातलेली नाहीत. २००९ साली अमेरिकेत फ्लोरिडा येथे पोलोचे एकवीस घोडे, हाताने सिद्ध केलेल्या एका पौष्टिक औषधात सेलेनियम ठरल्याहून फार जास्त पडल्यामुळे, मरून पडले. ज्या कलेने औषध रोग्याच्या मापाचे होते, त्याच कलेत एका आकड्याची चूक एकवीस जीव घेते.

आकड्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक खास धोका आहे. आपण मराठी आणि इंग्रजी दोन्ही आकडे वापरतो. घाईत लिहिलेला इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा दिसतो आणि आपला चार इंग्रजी आठासारखा. टिंबापूर्वीचे पूज्य गाळले तर ‘.५’ चे पाच होतात. टिंबानंतर विनाकारण पूज्य दिले तर ‘१.०’ चे दहा. म्हणून चिठ्ठीवर मात्रा अक्षरांतही लिहिली जावी, असा आग्रह आपण धरावा.

घरच्यांचे काम

मग घरच्या माणसांनी करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी.

पहिली, वजन. स्वयंपाकघरातला एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. प्राणी धडधाकट असतानाच आठवड्यातून एकदा, सकाळी त्याच वेळी वजन करून वहीत लिहावे. पक्षी आजार लपवतो. पिसे फुलवून बसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम उतरले, तर साठ किलोच्या माणसाचे सात किलो उतरण्यासारखे आहे. ही वही पशुवैद्याला दाखवली की मात्रेचा हिशेब अंदाजावर राहत नाही.

दुसरी, माप. थेंब हे माप सोडून द्यावे; प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. सुई काढलेली एक मिलिलिटरची पिचकारी वापरावी. मधुमेहाच्या पिचकाऱ्या आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात. एका प्रकारात मिलिलिटरचे चाळीस भाग असतात, दुसऱ्यात शंभर. आपले ०.०५ मिलिलिटर पहिल्या पिचकारीवर दोन रेघा आणि दुसऱ्या पिचकारीवर पाच रेघा होतात. पाच रेघा सांगितल्या आणि पिचकारी पहिल्या प्रकारची निघाली, तर मात्रा अडीचपट गेली. म्हणून ‘किती रेघा’ एवढेच न विचारता ‘किती मिलिलिटर, आणि कोणत्या पिचकारीने’ असे विचारावे. शक्यतर औषध देणाऱ्याकडूनच तिच्यावर खूण करून घ्यावी.

तिसरी, देण्याची रीत. प्राण्याला उताणे करू नये. सशाच्या पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते, तेथून बाजूने पिचकारीचे टोक आत घालून थोडे थोडे सोडावे आणि त्याला गिळू द्यावे. पक्ष्याला हलक्या हाताने फडक्यात धरावे. त्याच्या छातीवर दाब पडला तर त्याचा श्वासच कोंडतो. सशाने अर्धा दिवस काही खाल्ले नाही, तर उद्यावर ढकलू नये, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

चौथी, बाटलीवरची चिठ्ठी. तीवर प्राण्याचे नाव व जात, औषधाचे नाव, एका मिलिलिटरात किती मिलिग्रॅम, एका वेळी किती मिलिलिटर, कधी सिद्ध केले आणि कोणत्या दिवशी फेकावयाचे, एवढे असलेच पाहिजे. ‘माणसांसाठी नाही’ हे ठळक असावे, आणि बाटली मुलांच्या औषधांशेजारी ठेवू नये. उरलेले औषध वहाळात किंवा विहिरीत ओतू नये. ज्याने दिले त्याच्याकडे परत करावे.

आपल्या जिल्ह्यातील पशुवैद्यांचा बराचसा दिवस गाई-म्हशींत आणि कुत्र्यांत जातो, आणि ते योग्यच आहे. लहान परदेशी प्राण्यांची नित्य चिकित्सा करणारे बहुधा मोठ्या शहरांत भेटतात. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तेथेच त्याच्याहूनही जुने बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. पण तीन तोळ्यांच्या रोग्याला घेऊन प्रत्येकाने परळ गाठावे, हे होण्यासारखे नाही. होण्यासारखे आहे ते असे: गावच्या पशुवैद्याने जाणकारांशी विचारविनिमय करून चिठ्ठी द्यावी, आणि तालुक्याच्या गावी निदान एका औषधनिर्मात्याने ती सिद्ध करून देण्याची तयारी ठेवावी. खल कसा धरावा, पाक कसा करावा, भुकटी कशी दुणावीत न्यावी, हे फार्मसीच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात, आणि तशी महाविद्यालये आपल्या जिल्ह्यात आहेत. विद्या हयात आहे, फक्त तिला गिऱ्हाईक उरलेले नाही. ते गिऱ्हाईक आपल्या पिंजऱ्यांत आणि खुराड्यांत बसलेले आहे.

मुक्या जिवाला आपण घरी आणले, त्याला नाव दिले, मुलांच्या हाती सोपवले. त्याच्या दुखण्यात आपल्याला कळवळा येतो हे स्वाभाविक आहे. आमचे म्हणणे एवढेच की, त्या कळवळ्याने हातात गोळी आणि सुरी घेण्याआधी काटा घ्यावा आणि चिठ्ठी मागावी. रोगी जितका लहान, तितके माप मोठे मानले पाहिजे.